उपासाची गोळी

तुम्ही रोज जी गोळी गिळता तिच्यात मका आहे की बटाटा, हे तुम्ही कधी विचारलंय का?

विचारलं नसेल तर तुम्ही सुखी आहात. मागच्या नवरात्राच्या तोंडावर एका सकाळी माझ्या काउंटरसमोर बायकांची रांग लागली होती. प्रत्येकीच्या हातात गोळ्यांची पट्टी होती आणि तोंडी हा एकच प्रश्न. फार्मसीच्या परीक्षेत मला तो कुणी विचारला नव्हता.

मी मुळशी तालुक्यातल्या चांदे गावात मेडिकल चालवते. माझं नाव क्रांती, त्यावरून वडिलांचा अंदाज यावा. आमचे आप्पा पिरंगुटला एका कारखान्यात नोकरीला होते, पण त्यांचं खरं काम पत्रकं काढण्याचं. दारू, हुंडा, बुवाबाजी, जमिनीचे व्यवहार, विषय कुठलाही असो, वर ‘जाहीर आवाहन’ आणि खाली ‘जागे व्हा’ हे ठरलेलं. आमच्याकडे पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून जेवायची पद्धत होती. मी अक्षरंही त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे शाळेत बाईंनी मनातलं एक वाक्य लिहायला सांगितलं तेव्हा मी ‘आम्ही याचा तीव्र निषेध करतो’ असं लिहिलं. कशाचा, ते बाईंना कळेना. मलाही माहीत नव्हतं. पण तीव्र होता एवढं नक्की.

या वाढण्याचा एक परिणाम असा झाला की मला खोटं बोलता येत नाही. हा काही मोठा गुण नाही. दुकानदाराच्या बाबतीत तर तो चक्क अडथळा असतो. पुढे काय झालं ते समजायला हे लक्षात असलेलं बरं.

आता या कामाबद्दल थोडं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचायची, डबी काढायची आणि पिशवीत टाकायची. पण गावात गोळीला नाव नसतं, रूप असतं. ‘ती बारकी पांढरी.’ ‘ती मधी रेघ असल्याली.’ ‘मागल्या टायमाला दिली हुती, जिनं बरं वाटलं ती.’ आमचा निम्मा दिवस या वर्णनांवरून गुन्हेगार ओळखण्यात जातो.

त्यातल्या एका बारक्या गोळीची ही गोष्ट. क्लोनाझेपाम तिचं नाव. मेंदूतल्या पेशी एकमेकींना सतत निरोप देत असतात. फिट येते तेव्हा त्या सगळ्या एकदम बोलायला लागतात, ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघाल्यावर होतं तसं. ही गोळी सगळ्यांचा आवाज खाली आणते. पॅनिकच्या आजारातही तीच वापरतात. त्यात काहीही घडलेलं नसताना छाती धडधडते, घाम फुटतो आणि आपण आता मरणार अशी माणसाची खात्री पटते. हा आजार आमच्याकडे हिंजवडीच्या कंपन्यांबरोबर आला असं गाव म्हणतं. खरं तर आधीही होता, तेव्हा तशा माणसाला ‘घाबरट’ म्हणत.

गोळी एकच, पण मात्रेचा हिशोब वेगळा. पॅनिकसाठी डॉक्टर बहुधा पाव मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशी सुरुवात करतात आणि पुष्कळांचं दिवसाला एक मिलिग्रॅमच्या आसपास भागतं. फिटसाठी मोठ्या माणसाला सुरुवातच दिवसाला दीड मिलिग्रॅमपर्यंत, तीन वेळांत विभागून, असू शकते. मग दर काही दिवसांनी थोडी थोडी चढवत नेतात. लहान मुलांचं गणित वजनावर. आणि बंद करायची वेळ आली की पुन्हा पायरी पायरीने खाली, कधी आठवडे, कधी महिने. जिन्याने चढलात तर जिन्यानेच उतरायचं, खिडकीतून नाही. हे आकडे गोळीचा स्वभाव कळावा म्हणून लिहिलेत, घरी स्वतःवर लावून बघायला नाही. तुमची मात्रा तुमचा डॉक्टर ठरवतो. मी सुद्धा ठरवत नाही.

या गोळीने झोप येते, चालताना झोकांडी जाते, दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावतो, आणि तिची सवय लागते. म्हणून ती चिठ्ठीशिवाय द्यायची नसते. लोकांना हा नियम मी खास त्यांना छळायला काढलाय असं वाटतं. लवासाला रखवालदारी करणारे एक गृहस्थ बहिणीकडे चांद्याला आले होते, त्यांनी झोपेची बारकी गोळी मागितली. मी म्हटलं, तुम्हाला पगार जागं राहण्याचा मिळतो ना? ते शांतपणे म्हणाले, ‘ताई, मी राखतो त्या बिल्डिंगीला ना खिडक्या हायेत ना माणसं. चोर आला तर त्यालाच करमायचं न्हाई.’ उत्तर बिनतोड होतं, तरी गोळी दिली नाही. जाताना ते माझ्याबद्दल बरोबरच्या बहिणीला ‘लई कडक हाय’ असं सांगत होते. मी ते कौतुक समजते.

असो. मुख्य मंडळी हौसाकाकूंच्या घरातली.

काकूंचं घर माझ्या दुकानामागच्या आळीत. शेत थोडं उरलंय, भाड्याच्या खोल्या वाढल्यात. खाली काकू आणि त्यांचा एकुलता एक मुलगा दत्ता राहतात. दत्ता तिशीचा, अंगाने दणकट, बोलायला मऊ. त्याला लहानपणापासून फिट येतात. पुण्याच्या डॉक्टरांनी एक मुख्य औषध आणि त्याच्या जोडीला तीन वेळा ही बारकी गोळी असं बसवून दिल्यापासून बऱ्याच काळात फिट आलेली नव्हती. पण फिट थांबली तरी नाव चिकटलेलं होतंच. म्हणून काकू काउंटरवर येऊन, चार माणसांना ऐकू जाईल असं, ‘दत्ताची बडीशेप दे गं’ म्हणायच्या. मी गोळ्या कागदात गुंडाळून द्यायचे.

वरच्या एका खोलीत रश्मी राहते. अमरावतीकडची, हिंजवडीत कंपनीत कामाला. तिला पॅनिकचा त्रास. तिची गोळीही तीच, मात्र मात्रा दत्ताच्या मानाने अगदी किरकोळ. ती चिठ्ठी पालथी सरकवायची आणि म्हणायची, ‘माझे व्हिटॅमिन्स.’ म्हणजे एकाच जिन्याच्या खाली बडीशेप आणि वर व्हिटॅमिन. काकू मला विचारायच्या, त्या वरच्या पोरीला एवढं कसलं व्हिटॅमिन लागतंय, जेवत न्हाई का? रश्मी विचारायची, दत्ताभाऊ जेवणानंतर बडीशेप फार खातात का, घरात वास तर कधी येत नाही. मी दोघींकडे बघून हसायचे. एकाचं औषध दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. खोटं न बोलता गप्प राहणं मला या घराने शिकवलं.

मग आप्पा निवृत्त झाले आणि दुपारचे माझ्या दुकानात येऊन बसू लागले. हातात वाचायला काहीतरी लागतंच, म्हणून ते औषधांच्या खोक्यांवरचं बारीक वाचायला लागले. एक दिवस त्यांनी मला विचारलं की अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीत औषध एवढंसं, मग बाकीची गोळी कशाची? मी सांगितलं. औषधाचा कण चिमटीत धरता येणार नाही इतका लहान असतो. त्याला आकार यावा म्हणून दुधातली साखर, मक्याचा स्टार्च, असं काहीबाही घालतात. त्यात वाईट काही नसतं. आप्पांच्या डोळ्यांत एक जुनी चमक आली. मी ती ओळखायला हवी होती, पण समोर गिऱ्हाईक होतं.

चारच दिवसांत पिवळ्या कागदावर पत्रक आलं. ‘जाहीर आवाहन. गोळीत काय आहे? जाणून घेणे तुमचा हक्क आहे. मोठ्या रंगीत गोळीला भुलू नका. औषध कणभर, बाकी मक्याचे पीठ. जागे व्हा.’ आप्पांचा हेतू चांगला होता. महाग, मोठी आणि लाल गोळी म्हणजे जोरदार औषध ही समजूत त्यांना मोडायची होती. त्यांनी ते बाजारात वाटलं, एसटीच्या थांब्यावर वाटलं आणि पीठगिरणीतही वाटलं. जन्मभर त्यांची पत्रकं लोकांनी भजी खायला वापरली होती. हे मात्र लोकांनी वाचलं, एकमेकांना वाचून दाखवलं आणि लगेच अमलातही आणलं.

कारण नवरात्र आठवड्यावर होतं, आणि मका उपासाला चालत नाही.

त्या रांगेतल्या बऱ्याच जणींना मी समजावून परत पाठवलं. देवीला औषधाचा राग नसतो, असं एकीने दुसरीला सांगितलं आणि बऱ्याच जणी त्यावर समाधान मानून गेल्या. त्यातलं देवीबद्दलचं मत माझं नव्हतं, म्हणून मी फक्त मान हलवली. हौसाकाकू मात्र रांग संपेपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या. मग पुढे येऊन त्यांनी दत्ताची पट्टी काउंटरवर ठेवली, कधी नव्हे ती उघडी.

‘ही नऊ दिस नगं,’ त्या म्हणाल्या. ‘औंदा घट दत्ता बसवणार हाय.’

काकूंचे मालक गेल्यापासून त्यांच्या घरचा घट एक चुलत दीर येऊन बसवायचे. या वर्षी काकूंनी भावकीत जाहीर करून टाकलं होतं की पोरगा मोठा झालाय, आता त्यानेच बसवायचा. त्यांच्या घरची रीत अशी की घट बसवणाऱ्याने नऊ दिवस धान्याचा कण पोटात घ्यायचा नाही.

मी काकूंना सांगितलं की ही औषधं एकदम थांबवली तर दाबून ठेवलेली फिट उसळी मारून येते. एकामागून एक येत राहिली तर जिवावर बेतू शकतं. दवाखान्यात पळवावं लागतं. काकूंनी नीट ऐकून घेतलं आणि तोडगा काढला.

‘दसऱ्याला दोन दोन देती की. भरून निघंल.’

अशी राहिलेली मात्रा भरून काढायची नसते, एकदम दुप्पट दिली तर दसऱ्याला तो आपट्याची पानं वाटायच्या ऐवजी जमिनीवर पडलेला सापडेल, असं मी म्हटलं. मग त्या म्हणाल्या, तर मका नसलेली गोळी दे. बटाट्याची असंल तर चालंल. मी चिडले. बटाटाही परदेशातून आला आणि मकाही परदेशातूनच आला, मग एक चालतो आणि एक नाही हे कुठलं शास्त्र, असं विचारलं. काकू जराही डगमगल्या नाहीत.

‘आला असंल. पर बटाटा उपासालाच आला.’

यानंतर मी जे केलं ते आमच्या घराण्याच्या इतिहासात कुणी केलं नसेल. मी उपासाची गोळी शोधायला लागले. होलसेलच्या माणसाला फोन करून विचारलं की या औषधाच्या कुठल्या कंपनीच्या गोळीत मक्याऐवजी बटाट्याचा स्टार्च आहे. त्याने मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाला, ‘मॅडम, सोबत चटणी पण पाठवू का?’ पण माणूस कामाचा. त्याने शोधून काढलं, एका कंपनीची होती. आप्पा कोपऱ्यातून हे सगळं ऐकत होते. माझी मुलगी उपासाची गोळी मागवतेय, असं ते पंख्याकडे बघून म्हणाले. मी त्यांना म्हटलं की तुम्ही तर बोलूच नका.

मग पुण्याला डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी साफ नाही म्हटलं. फिट आटोक्यात असलेल्या माणसाची गोळी आयत्या वेळी एका कंपनीची काढून दुसरीची देऊ नये, नाव एक असलं तरी अंगात उतरण्यात थोडा फरक पडू शकतो, आणि दत्ताच्या बाबतीत त्यांना तेवढाही धोका नको होता. ‘आणि क्रांती,’ त्या म्हणाल्या, ‘ओपीडी चालू असताना मला बटाट्यासाठी फोन करू नका.’

होलसेलवाल्याने सोपा मार्ग सुचवला. जुनीच पट्टी द्या आणि बटाट्याची आहे म्हणून सांगा, म्हातारी काय प्रयोगशाळेत नेणार आहे? त्याचं बरोबर होतं. एक वाक्य बोललं असतं तर सगळं मिटलं असतं. मी आरशासमोर त्याचा सरावही केला. ‘काकू, ही बटाट्याची.’ जमेना. गिऱ्हाइकाने गोळीत काय आहे विचारलं तर खरं सांगायचं, हा हक्क आमच्याच पिवळ्या कागदावर छापलेला होता. आता तो बदलून काय छापणार?

मग मी दत्तालाच गाठलं. म्हटलं, आईला सांग उपास करतो म्हणून आणि गोळी गुपचूप घे. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला काउंटर पुसायला घ्यावा लागला.

‘ताई,’ तो म्हणाला, ‘मला ट्रॅक्टर देत न्हाईत. इहिरीवर जाऊ देत न्हाईत. लगनात पुढं बसवत न्हाईत, मधीच पडलो तर म्हणून. पयल्यांदा घरानं माजं नाव पुढं केलंय. आन त्यातबी चोरीच करू व्हय?’

तोवर मी हे सगळं पत्रकासारखं बघत होते. मला वाटत होतं की एका बाजूला औषध आहे आणि दुसऱ्या बाजूला अडाणीपणा. निघालं असं की दुसऱ्या बाजूला एका माणसाची पत उभी आहे. तो गोळ्या सोडणार, फिट येणार, आणि येणार तीही घटापुढे, सगळ्या भावकीदेखत. वाचला तरी त्याला पुन्हा कुणी कधी पुढे बसवणार नव्हतं.

घट बसायच्या आदल्या दिवशी मी दत्ताची पट्टी पिशवीत टाकली आणि आप्पांना घेऊन काकूंकडे गेले. आप्पांनी पत्रकाबद्दल खुलासा करावा असं मी ठरवलं होतं. त्यांनी खुलासा केला, पण तो इतका सविस्तर केला की स्टार्चचा कारखाना कसा चालतो इथपर्यंत गेला. दत्ता परडीत माती चाळत होता. काकू म्हणाल्या की कागदात खरं लिहिलंय का खोटं, एवढंच सांगा. आप्पा म्हणाले, खरं. काकू म्हणाल्या, झालं तर मग.

तेवढ्यात जिन्यावरून रश्मी उतरली. ती बहुधा बराच वेळ वर उभी राहून ऐकत होती.

‘काकू,’ ती म्हणाली, ‘मी सोडून बघितली होती ती गोळी.’

‘कंची?’

‘दत्ताभाऊंची. म्हणजे माझी पण तीच आहे. ताईंच्या पिशवीतून पट्टी दिसली आत्ता.’

काकूंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘म्हंजी तुलाबी फिट येती?’

‘नाही. मला भीती येते. लिफ्टमध्ये, मीटिंगमध्ये. कारण काहीच नसतं.’

‘मला वाटायचं तू व्हिटॅमिन खातीस.’

‘मला वाटायचं हे बडीशेप खातात.’

दत्ता मोठ्याने हसला. त्याला असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

मग रश्मीने सांगितलं. बरं वाटायला लागलं तशी तिने एक दिवस डॉक्टरांना न विचारता गोळी टाकून दिली. हात थरथरायला लागले, झोप उडाली, आणि जी भीती आधी कधीतरी यायची ती मुक्कामाला आली. कंपनीत ती टेबलाखाली जाऊन बसली होती. शेवटी डॉक्टरांनी परत गोळी सुरू केली, आणि आता महिनोन्महिने तुकड्यातुकड्याने कमी करतायत. माझी एवढीशी मात्रा, ती म्हणाली, दत्ताभाऊंची किती आहे बघा. हे सांगताना ती जिन्याची शेवटची पायरी सोडत नव्हती. आपली घरमालकीण आपल्याला उद्या खोली खाली करायला सांगेल, असं तिला वाटत असणार.

काकूंनी तिला पाटावर बसवलं आणि गूळ-पाणी दिलं. मी इतके दिवस मेंदूतल्या पेशी समजावत होते, त्यातलं काही पोचलं नव्हतं. टेबलाखाली बसलेली पोरगी मात्र पोचली. काकूंनी माझ्या पिशवीतली पट्टी काढून दत्तापुढे ठेवली. मग म्हणाल्या की गोळी दत्ता घेईल. पण उपास मोडायचा नाही. आमच्यात आजारी माणसाचा उपास दुसऱ्यानं धरायची रीत आहे. घट दत्ता बसवंल, त्याचा उपास दुसरं कुणीतरी धरंल. मी धरला असता, पर माजा माजा हायेच, एका पोटात दोन उपास कसं मावतील? वरच्या पोरीला गोळ्या चालू. मग त्यांची नजर फिरत फिरत आप्पांवर येऊन थांबली.

‘ज्यानं कागद काढला त्यानं धरावा.’

माझ्या वडिलांनी बुवाबाजीविरुद्ध सभा गाजवल्यात. पौडला तहसील कचेरीसमोर दगड उन्हात तापेपर्यंत बसलेत. त्या दिवशी त्यांनी आधी पाणी मागितलं. मग ते म्हणाले, उपास मी मानत नाही. पण उपोषणाला बसायला माझी हरकत नाही. मागणी एकच, दत्ताचं औषध अखंड चालू राहावं.

‘कायबी म्हणा,’ काकू म्हणाल्या, ‘खायाचं न्हाई एवढं बगा.’ आणि मग त्यांना आठवलं. ‘तुमी बीपीची गोळी घेता न्हवं? तीत मका हाय का?’

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी आप्पांकडे. आमच्या घरात खोटं कुणालाच येत नाही.

‘आहे,’ आप्पा म्हणाले.

‘मंग तुमचा उपास तुमच्या लेकीनं धरावा.’

अशा रीतीने, दत्ताच्या वतीने आप्पांनी धरलेला उपास आप्पांच्या वतीने मी धरला. माझ्या आयुष्यातला तो पहिला उपास. नऊ दिवस फळं, दूध, भगर आणि बटाटा. आपण आयुष्यभर ज्याच्याविरुद्ध बोललो त्याची आमटी शेंगदाण्याची असते, हे मला तेव्हा कळलं. दुकानाशेजारी वडापावची गाडी आहे. ती नऊ दिवस तळत होती आणि मी नऊ दिवस गिऱ्हाइकांवर खेकसत होते. दुसऱ्या दिवशीच माझं डोकं इतकं दुखलं की मी स्वतःसाठी गोळी काढली, मागे वळवून बघितली, मक्याची होती, परत ठेवली. काकू दिवसातून दोनदा येऊन माझं तोंड बघून जायच्या. आणि आप्पा? आप्पा रोज दुपारी काउंटरमागे बसून ज्वारीची भाकरी आणि पिठलं खायचे आणि मला समजावायचे की तू याला उपास समजू नकोस, मनातून उपोषण समज, म्हणजे तत्त्वाला बाध येत नाही.

तत्त्वाला खरंच बाध येऊ नये म्हणून त्यांनी एक पाटी करून आणली. ‘एका रुग्णाचे औषध अखंड चालू राहावे यासाठी उपोषण.’ मी ती काउंटरला लावू देत नव्हते, लोक रुग्ण कोण म्हणून विचारत बसतील. त्या संध्याकाळी दत्ता माळेसाठी खुरासणीची पिवळी फुलं घेऊन चालला होता. रोज तो येताजाता गोळी घेतल्याची खूण म्हणून अंगठा दाखवायचा. आप्पांच्या मांडीवरची पाटी बघून थांबला, वाचली.

‘नाव का न्हाई घातलं?’

मी म्हटलं, तुझंच गुपित आहे म्हणून.

तो फुलं डाव्या हातात घेऊन उभा राहिला. मग म्हणाला, ‘घाला. घटाला माजं नाव चालतं, तर पाटीला चालंल की.’

आप्पांनी ‘एका रुग्णाचे’ पुसलं, खडू काढून ‘दत्ताचे’ लिहिलं आणि पाटी काउंटरला लावली. चांद्यात त्यावर दोन दिवस बोलणं झालं. कुणाला फिटची गोळी रोज घ्यायची असते हेच माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी भरे गावाहून एक बाई आल्या, मुलीची चिठ्ठी पदराखाली धरून. ही पाटी कुणाची, त्यांनी विचारलं, आणि चिठ्ठी पदराबाहेर काढून काउंटरवर ठेवली. मी ती वाचून गोळ्या काढल्या. 

नऊ दिवस दत्ताने घट सांभाळला, माळा घातल्या, दिवा विझू दिला नाही, आणि वेळच्या वेळी मक्याच्या गोळ्या घेतल्या. फिट आली नाही. भावकी जेवायला आली तेव्हा त्यालाच पुढे बसवलं. दसऱ्याला तो दुकानात सोनं द्यायला आला. मी तोंडात वडा असल्याने बोलू शकले नाही. रश्मीला काकूंनी आधीच सोनं दिलं होतं, वर एक पुरणपोळी, गोळी चालू असताना काय खाल्लं तरी चालतं या माझ्या वाक्याच्या आधारावर. दारूचं सोडून, एवढं मी पुन्हा सांगितलं.

एवढ्यावरून माझं मत बदललं का? नाही. देवीला मका चालत नाही हे मला आजही पटत नाही आणि तसं मी काकूंना तोंडावर सांगते. त्या म्हणतात, तुजं राहू दे तुज्यापाशी. यंदाच्या नवरात्रातही दत्ताच घट बसवणार आहे आणि त्याचा उपास कोण धरणार यावरून आमच्या दुकानात आधीच वाद चालू आहेत. होलसेलवाला स्वतःहून तयार आहे.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी काकू आल्या. दुकानात गर्दी होती. पाच-सहा माणसं तरी असतील, त्यात त्यांचे ते चुलत दीरही होते. मी सवयीने कागद गुंडाळायला घेतला.

‘कागद नगं,’ काकू म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. ‘दत्ताच्या फिटच्या गोळ्या दे.’

म्हणून आता माझं एक आवाहन, आणि ते छापील असलं तरी त्यावर भजी खाऊ नका. तुमच्या घरात कुणी फिटची, भीतीची, कसलीही रोजची गोळी घेत असेल आणि सणावाराला, उपासाला किंवा नुसतं बरं वाटतंय म्हणून ती सोडायचं बोलत असेल, तर आजच त्याच्याजवळ जाऊन बसा. आधी डॉक्टरांना विचारायला लावा. आणि उपास मोडवत नसेल, तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याचा उपास तुम्ही धरा. त्याला त्याची गोळी घेऊ द्या.